चौथा मसुदा

वॉर्ड ऑफिसातून आलेल्या कागदावर होतं:
'निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास
मौखिक क्षारसंजीवनीचे सेवन करावे.'
खाली पेन्सिलीने: लोकांच्या भाषेत करून आणा.
मी तो हौसाक्कांना वाचून दाखवला,
खिंडीपाड्याच्या पायरीवर मेथी निवडत होत्या त्या.
म्हणाल्या, 'पत्रिका छान आहे गं.
लग्न कुणाचं?'

मग निर्जलीकरण खोडलं.
पोराला जुलाब. तोंड सुकलंय.
रडतंय, पण डोळ्यांत पाणी नाही.
सकाळपासून लंगोट कोरडा.
एका शब्दात घडी घालून ठेवलेलं
उलगडलं तर घरभर झालं.

दुसऱ्या मसुद्यात लिहिलं,
पाकीट केंद्रावर फुकट मिळतं, ते आधी.
नाहीच मिळालं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी,
सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.
हौसाक्का आत गेल्या, तीन चमचे घेऊन आल्या:
एक आमटीचा, एक सुनेच्या रुखवतातला,
एक खोकल्याच्या बाटलीबरोबर आलेला, पिवळा.
'ह्यातला तुझा कुठला?'

चहाचा. बोटाने सपाट केलेला.
एवढे चार शब्द मिळायला माझी दुपार गेली.
मिठाचा हात जड झाला तर
औषधाचंच दुखणं होतं,
हे मी जाड अक्षरात घेतलं.

तिसरा कागद भाजण्याचा.
'वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे.'
ह्यावर त्या हसल्या नाहीत.
डोंगराकडे बघितलं फक्त.
पलीकडे फिल्टर प्लांट,
अख्ख्या मुंबईचं पाणी तिथून गाळून जातं,
आणि आमच्याकडे पहाटे साडेचार ते पावणेसहा,
तेही नशीब असेल तर.
मी ह्याच वस्तीत राहते. माझ्याही दारात
तीन पिंपं झाकून ठेवलेली असतात.
आणि मीच ते वाक्य
सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं होतं.

समीनाच्या लेकराच्या पायावर चहा सांडला तेव्हा
तिने टूथपेस्ट लावली.
ट्यूब हाताशी होती. पाणी नव्हतं.
डाग आहे अजून, पावलापासून पोटरीपर्यंत.
तिला अडाणी म्हणाले जे, त्यांच्या घरात
तोटी फिरवली की पाणी येतं.

म्हणून पुन्हा लिहिलं:
साधं पाणी तांब्याने ओतत राहा.
पिंपातलं चालेल. खाली घमेलं ठेवा,
तेच पुन्हा ओतू नका.
बर्फ नको, हळद नको, पेस्ट नको.
वीस मिनिटं घड्याळ लावून.
पाणी संपलं तर शेजारी मागा.
मग स्वच्छ फडकं सैल झाका आणि दवाखाना गाठा.

ऑफिसात मॅडमनी एकच ओळ खोडली.
'शेजारी मागा, हे वैद्यकीय नाही.'
आणि शेवटच्या पानावरची आणखी एक:
'काढ्याने खोकला थांबतो का,
आम्हाला खात्रीने माहीत नाही.'
म्हणाल्या, सरकारी कागद असं बोलत नाही.

हौसाक्कांना नेमकी तीच ओळ पुन्हा ऐकायची होती.
दोनदा वाचून घेतली.
'साठ वर्षांत,' म्हणाल्या,
'मला माहीत नाही असं म्हणणारा
पहिलाच कागद बघते.
ह्याचं बाकीचं खरं असणार.'
अंगठ्याने त्या ओळीवर हात फिरवला,
वाचता येत नाही त्यांना,
जागा लक्षात ठेवत होत्या बहुतेक.

चौथ्या मसुद्यात मी दोन्ही ओळी परत घातल्या.
मॅडमनी बराच वेळ बघितलं,
मग सही केली, जरा तिरकी.

परवा रात्री दीडला कडी वाजली.
हौसाक्का. पदर कोपरापर्यंत भिजलेला,
हातात रिकामी कळशी.
आवाजात घाबरणं नव्हतं, हिशेब होता:
'खालच्या पोरीच्या हातावर तेल उडालंय.
माझं पिंप संपलं.
अजून आठ मिनिटं बाकी आहेत.'